पत्त्यांतला समुद्र: प्लास्टिक आणि किनाऱ्यावरच्या जिवांचा खेळ बनवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मावसबहीण चित्रं काढते, मी नियम लिहितो. दोघांनी मिळून मुंबईचा किनारा, तिथले जीव आणि तिथलं प्लास्टिक यावर एक पत्त्यांचा खेळ केला. घरात त्याला ‘भरती’ म्हणतात. शाळांत, सोसायटीच्या गच्चीवर, एकदा तर लग्नघरी हा डाव मांडल्यापासून शिक्षक, पालक आणि कॉलेजची मुलं प्रश्न पाठवत असतात. बहुतेकांना आमचा खेळ नको असतो, स्वतःचा करायचा असतो. आम्हाला ते जास्त आवडतं. तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत.

१. आधी खेळ कसा चालतो ते थोडक्यात सांगाल का?

तीन ते पाच जण लागतात आणि अर्धा तास. पत्ते ५४: जिवांचे २०, कचऱ्याचे २०, उपायांचे ८, भरतीचे २, ओहोटीचे २, उधाणाचा १ आणि १ कोरा. कोरा पत्ता डावात नसतो, तो कशाला ते शेवटच्या प्रश्नात आहे.

प्रत्येकाला एक किनारा मिळतो: वर्सोवा, माहीम, शिवडी, गिरगाव किंवा गोराई. आपल्या किनाऱ्यावर तीन जीव उघडे मांडायचे. भरती, ओहोटी आणि उधाण बाजूला ठेवून बाकीचे पत्ते पिसायचे, तीन-तीन वाटायचे, मग ते पाच पत्ते उरलेल्या गठ्ठ्यात मिसळायचे. पाळी आली की एक उचलायचा, एक खेळायचा. जीव आला तर तो आपल्या किनाऱ्यावर येतो. कचरा असेल तर तो स्वतःच्या किनाऱ्यावर टाकायचा, नाहीतर मधल्या ढिगात. त्या ढिगाला आम्ही समुद्र म्हणतो. एखाद्या जिवाला घातक असे दोन कचरे त्याच्या किनाऱ्यावर साचले की तो जीव जातो. भरती-ओहोटीचे पत्ते वापरून झाले की पुन्हा गठ्ठ्यात पिसायचे. गठ्ठ्यात फक्त तेच उरले की डाव संपला. मांडलेल्यांपैकी निम्म्याहून कमी जीव वाचले असतील तर सगळेच हरले. नाहीतर ज्याच्या किनाऱ्यावर जास्त, तो जिंकला.

२. मला चित्र काढता येत नाही, गेम डिझाइनही शिकलेलो नाही. सुरुवात कुठून करू?

घरातल्या जुन्या कॅटपासून. एखाद-दुसरा पत्ता हरवलेला कॅट प्रत्येक घरात असतो. त्यावर कोरे कागद चिकटवा, मार्करनं ‘बोंबील’, ‘पिशवी’, ‘भरती’ एवढंच लिहा आणि त्याच संध्याकाळी चौघांना खेळायला बसवा. आमचा पहिला संच असाच होता, आणि त्यात चित्र एकही नव्हतं. चित्रं आधी काढली की त्यांच्या प्रेमात पडायला होतं आणि मग वाईट नियम फेकून देववत नाहीत. आम्ही अकरा वेळा नियम बदलले. मावसबहिणीनं नवव्या वेळेपर्यंत ब्रशला हात लावला नाही, हे तिचं शहाणपण.

नियम सुचत नसतील तर झब्बू, बदाम सात, भिकार-सावकार, मेंढीकोट आठवून पाहा. मराठी घरात हे डाव शिकवावे लागत नाहीत. अशा एखाद्या डावाच्या पाठीवर बसलेला खेळ आजीही दोन मिनिटांत उचलते.

३. मग तुम्ही कोणत्या डावावरून घेतलं?

झब्बूवरून. झब्बूत ज्याच्याकडे चालू रंगाचा पत्ता नसतो तो दुसऱ्याच रंगाचा टाकतो, आणि ज्याचा पत्ता मोठा त्याला आख्खा ढीग उचलावा लागतो. शेवटी हातात पत्ते उरले तो हरला. आपली घाण शेजाऱ्याच्या पदरात टाकायची, हा प्रकार त्यात आयताच आहे. मिठी नदी विहार-पवईकडून निघून साधारण १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत जो जे टाकेल ते माहीमच्या माथी. यापेक्षा चांगला झब्बू मला सुचला नसता.

४. प्राणी कोणते घ्यावेत? मुलांना पेंग्विन, देवमासा हवे असतात.

पेंग्विन भायखळ्याला राणीच्या बागेत आहेत, पण काचेआड आणि एसीत. आमच्या डावात त्यांना जागा नाही. आमचा नियम एकच: मुंबईच्या माणसानं लोकलचं तिकीट काढून, होडीतून किंवा मासळीबाजारात जो पाहिला असेल किंवा पाहू शकेल तोच जीव घ्यायचा. एक अपवाद मात्र आम्ही केला, तो खाली येतोच.

म्हणून बोंबील आहे, पापलेट आहे (२०२३ पासून तो राज्यमासाही आहे), चिंबोरी, कालवं आणि माकुल आहेत. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी आहे. ती मासा असूनही पाण्याबाहेर बसते, म्हणून मुलांची लाडकी. शिवडी-ठाणे खाडीतला छोटा रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, आहे. मुंबईच्या किनाऱ्याजवळ अधूनमधून पाठ दाखवणारा हंपबॅक डॉल्फिन आहे. हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळंही आहेत. ‘मुंबईत प्रवाळ?’ असं दहातले नऊ जण विचारतात. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० मध्ये तिथल्या प्रवाळांच्या वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या होत्या. नसती तर उचलली कशी असती? ओहोटीच्या वेळी खडकांवर नेऊन हे जीव दाखवणारे ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’सारखे गट २०१७ पासून शहरात आहेत. खेळ करण्याआधी अशी एक तरी फेरी करा. वीस पुस्तकं वाचून जे कळत नाही ते तिथे गुडघाभर पाण्यात कळतं.

अपवाद ऑलिव्ह रिडले कासवाचा. त्याची खरी वीण रत्नागिरीकडे, वेळास-आंजर्ल्याला. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, आणि पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने. मुंबईत त्याला का घेतलं ते प्रश्न ८ मध्ये आहे.

५. प्रत्येक प्राण्याला प्लास्टिकचा त्रास वेगळा असतो. तो पत्त्यावर कसा दाखवता?

तीन खुणांनी. दोरा म्हणजे अडकणं, तोंड म्हणजे गिळणं, झाकलेलं पान म्हणजे गुदमरणं. कचऱ्याच्या पत्त्यावर एक किंवा दोन खुणा, जिवाच्या पत्त्यावरही तशाच. खूण जुळली तर तो कचरा त्या जिवाला घातक, नाही जुळली तर नुसता पडून.

खुणा मनानं ठरवल्या नाहीत, आणि तुम्हीही ठरवू नका. कासव जेलीफिश खातं आणि पाण्यात फुगलेली पिशवी तशीच दिसते. शिवाय बरेच दिवस समुद्रात राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळं धरतं आणि त्याला खाण्यासारखा वास येतो. म्हणून कासवाला ‘तोंड’. बेवारस जाळ्यांत त्याचे वल्ह्यासारखे पाय कापले जातात, म्हणून ‘दोरा’ही. रोहित चोच उलटी करून चिखलपाणी गाळतो, त्यामुळे पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे, म्हणजे मायक्रोप्लास्टिक, त्याच्या वाट्याला येतात. त्याला फक्त ‘तोंड’. कालवं जागची हलत नाहीत, पाणी गाळून जगतात: ‘तोंड’ आणि ‘पान’. तिवराला चिखलातून वर आलेली श्वासमुळं असतात, त्यांवर पिशव्यांचा थर बसला की झाड गुदमरतं. तिवर प्राणी नाही हे ठाऊक आहे. त्याच्यावर स्वतंत्र प्रश्न आहे, ११ पाहा.

६. कचऱ्यात बाटलीचा पत्ता का नाही? पोस्टरवर तर नेहमी बाटलीच असते.

हा आमचा आवडता प्रश्न. बाटली ज्या प्लास्टिकची असते ते पाण्यापेक्षा जड, म्हणून पाणी शिरलं की ती बुडते. झाकण वेगळ्या प्लास्टिकचं, ते तरंगतं. आणि बाटलीला भंगारात भाव आहे, त्यामुळे ती कुणीतरी उचलतो. ज्याला भाव नाही ते किनाऱ्यावर राहतं: गुटख्याची पुडी, शांपूचं सॅशे, वेफर्सचं चकचकीत पाकीट, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, थर्माकोलचे गोळे, कानात घालायच्या काड्यांच्या दांड्या, निर्माल्याची पिशवी, नायलॉन जाळ्याचे तुकडे. म्हणून आमच्या कचऱ्याच्या पत्त्यावर कोपऱ्यात रुपयाची खूण असते किंवा नसते. उपायांतला ‘सफाई’चा पत्ता खेळला की खूण असलेला कचरा डावाबाहेर जातो. खूण नसलेला तुमच्या गोदामात पडून राहतो आणि गोदामात जागा फक्त चार पत्त्यांची. देवनारला १९२७ पासून कचरा टाकतायत, तिथली परिस्थिती काही वेगळी नाही.

स्वतःची यादी करायची असेल तर आपल्या जवळच्या चौपाटीवर दहा पावलं लांबीरुंदीचा चौकोन आखा आणि त्यात सापडेल ते मोजा. जुहूची यादी आणि गोराईची यादी सारखी येत नाही, आणि तोच फरक खेळात उतरला पाहिजे.

७. बाद झालेले पत्ते बाजूला का ठेवत नाही? प्रत्येक खेळात टाकलेल्या पत्त्यांचा ढीग असतोच ना!

असतो, आणि आमच्या दुसऱ्या आवृत्तीतही होता. त्याला ‘कचरापेटी’ म्हणायचो. एका चाळीच्या गॅलरीत डाव रंगला होता. तिसरीतला एक मुलगा हातातली प्रत्येक पिशवी शांतपणे त्या पेटीत टाकून जिंकला. जिंकल्यावर त्यानं विचारलं, ‘दादा, ही पेटी रिकामी कुठे करायची?’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. घरी येताना ट्रेनमध्ये आम्ही दोघं फारसं बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ती पेटी खेळातून गेली.

आता टाकलेलं सगळं मधल्या समुद्रात जातं आणि तिथेच असतं. भरतीचा पत्ता निघाला की समुद्रातले वरचे पत्ते प्रत्येक किनाऱ्याला एकेक परत मिळतात. कुणी टाकला होता याचा काही संबंध नाही. उधाण निघालं की दोन-दोन. मुंबईत दिवसाकाठी दोनदा भरती, दोनदा ओहोटी, म्हणून ते पत्तेही दोन-दोन. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, आणि पावसाळ्यात पाणी पाच मीटरच्या जवळपास चढतं. त्या दिवशी मरीन ड्राइव्हवर किंवा दादरला उभं राहून पाहा, समुद्र रस्त्यावर काय आणून टाकतो ते. हा एक नियम सोडून आमच्या खेळातलं काहीही बदला, आमची हरकत नाही. पण हा काढलात तर उरेल ती नुसती सापशिडी.

८. समुद्र साफ केला की जिंकलो, असं का नाही? मुलांना तेच हवं असतं.

‘सफाई’चे चार पत्ते आहेत, पण ते ओहोटी निघाल्यानंतरच्या फेरीतच चालतात. पाणी ओसरल्याशिवाय उचलणार काय? आणि एका सफाईत दोनच कचरे निघतात.

सफाईला कमी लेखायचं नाही. वर्सोव्याला वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये किनारा साफ करायला सुरुवात केली. लोक जोडले गेले, आठवड्यामागून आठवडे काम चाललं, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूवरून ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. कासव आमच्या पत्त्यांत आलं ते यामुळे. वर्सोव्याच्या खेळाडूनं सलग दोन सफाया केल्या तर त्याला ते गठ्ठ्यातून शोधून घेता येतं. पण एवढं झाल्यावरही पुढच्या पावसात कचरा येतोच, कारण तो वरून, नाल्यांतून येतो. म्हणून खरा ताकदवान पत्ता ‘बंदी’. तो एका जातीचा कचरा डावातून कायमचा काढतो. असे तीनच आहेत, आणि एकट्यानं टाकून चालत नाहीत. शेजारच्या खेळाडूनं स्वतःचा एक पत्ता सोडला तरच बंदी लागू होते. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना मार्च २०१८ मध्ये निघाली, एकदा वापरून टाकायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली ती १ जुलै २०२२ पासून. तरी भाजीवाल्याकडे पिशवी मिळते की नाही, हे तुम्हीच सांगा.

आठवा उपाय, ‘जाळं कापणं’, प्रश्न ९ मध्ये.

९. आम्ही कोळीवाड्यातले. असल्या खेळांत शेवटी मच्छीमारच खलनायक ठरतो, तुमच्यातही तसंच आहे का?

पहिल्या आवृत्तीत होतं, आणि वेसाव्यातल्या एका काकांनी आम्हाला चांगलंच झापलं. डोल जाळी भरती-ओहोटीच्या प्रवाहात उभी करतात. प्रवाह आणेल ते आत येतं, बोंबील, जवळा आणि त्याबरोबर पिशव्या. तो कचरा निवडण्यात वेळ जातो, जाळी फाटते, मासळी कमी भरते. म्हणजे कोळ्याच्या जाळ्यात शहराची घाण येते, आणि पोस्टरवर मात्र चित्र त्याच्या जाळ्याचं. तुटलेली जाळी समुद्रात राहतात आणि त्यांत जीव अडकतात हेही खरं, म्हणून जाळ्याचे चार पत्ते आम्ही ठेवले. पण ‘जाळं कापणं’ हा उपायही ठेवला. संरक्षित जीव सोडवण्यासाठी मच्छीमारानं स्वतःचं जाळं कापलं तर राज्य सरकारकडून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना २०१८ पासून आहे. डावात हा पत्ता टाकणाऱ्याचा एक पत्ता जातो, पण कुणाच्याही किनाऱ्यावरचा अडकलेला जीव वाचतो, आणि त्या जिवाचा गुण दोघांना मिळतो.

काकांनी सुचवलेली आणखी एक गोष्ट नियमात आली: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे ‘पावसाळी डाव’ खेळताना जाळ्याचे पत्ते काढून ठेवायचे आणि उधाण दुप्पट मोजायचं.

१०. पत्त्यांवर आकडे छापावेत का? ‘प्लास्टिक ४५० वर्षं टिकतं’ वगैरे?

आम्ही छापत नाही. ज्या बाटलीचं पेटंटच १९७३ चं आहे, ती साडेचारशे वर्षांनी काय होते हे कुणी बघितलेलं नाही, तो अंदाज आहे. ‘२०५० पर्यंत माशांपेक्षा प्लास्टिक जास्त’ हेही तसंच एका अंदाजावर उभं आहे. दरवर्षी समुद्रात किती जातं, याचा २०१० सालासाठी केलेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला गाजलेला हिशेब ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन असा आहे. वरचा आकडा खालच्याच्या अडीच पटीहून जास्त. अशी गोष्ट पत्त्यावरच्या एका ओळीत प्रामाणिकपणे मावत नाही. शिवाय आकडा छापला की खेळ थांबतो आणि शिकवणी सुरू होते.

११. तिवरं प्लास्टिक अडवतात. मग तो पत्ता चांगला की वाईट?

दोन्ही, आणि म्हणूनच त्यावर सर्वात जास्त भांडणं होतात. तिवराचा पत्ता किनाऱ्यावर असेल तर भरतीत तुमच्या वाट्याचा कचरा तिवराखाली सरकवता येतो, बाकीचे जीव वाचतात. पण तिथे तीन साचले की तिवर मरतं आणि अडवलेलं सगळं एकदम बाहेर येतं. तिवराखालचा कचरा ‘सफाई’नं काढायला एकाऐवजी दोन पत्ते लागतात. ज्यांनी मुळांतून पिशवी ओढून पाहिली असेल त्यांना कारण विचारावं लागत नाही.

१२. शंखातला खेकडा बाटलीचं झाकण घर म्हणून वापरतो असं वाचलं. मग झाकण त्याला फायद्याचं धरायचं?

असे खेकडे जगात बऱ्याच किनाऱ्यांवर दिसलेत, खरं आहे. आमच्या नियमात झाकण त्याला घातक नाही आणि फायद्याचंही नाही, नुसतं पडून. मुलं मात्र प्रत्येक वेळी ते झाकण त्याच्या पत्त्यावर ठेवतातच. ठेवू देतो.

१३. ‘विघटनशील’ पिशवी आली तर तिचा पत्ता कसा मोजायचा?

साध्या पिशवीसारखाच. कंपोस्ट होणाऱ्या बहुतेक पिशव्यांना कारखान्यातल्यासारखी उष्णता लागते, ती समुद्राच्या पाण्यात मिळत नाही. कासवाला दोन्ही सारख्याच दिसतात.

१४. छपाई कशी करावी? आणि प्लास्टिकवरच्या खेळाला प्लास्टिकचं लॅमिनेशन?

खोचक प्रश्न, पण रास्त. १२ बाय १८ इंचाच्या शीटवर कडेला कापायची जागा सोडून ६३ बाय ८८ मिलिमीटरचे १८ पत्ते बसतात. तीन शीट म्हणजे ५४. आमचे पत्ते ५४ का, याचं उत्तर एवढंच. कागद ३५० जीएसएमचा, वर पाण्यावर आधारित कोटिंग. बिनकोटिंगचा कागद मुंबईच्या दमट हवेत पापडासारखा वाकतो, जुलैत तर आठवडाभरात. पुठ्ठ्याची डबी, बाहेरून कागदी पट्टी, श्रिंक रॅप नाही.

पहिल्या छपाईला आम्ही लॅमिनेशन नको असं तोंडी सांगितलं. प्रेसवाल्यानं सवयीनं सगळ्या शीटवर चकचकीत फिल्म चढवली. पैसे गेले. ऑर्डरवर लिहूनच द्या. ते संच आम्ही फेकले नाहीत, ओहोटीच्या वेळी खडकांवर बसून खेळायला तेच नेतो. ओले झाले तरी पुसता येतात, हे कबूल करताना जरा जिवावर येतं.

१५. सावंतवाडीच्या गंजिफासारखे गोल पत्ते का नाही केले?

मोह झाला होता. दशावतारी गंजिफात १२० पत्ते आणि दहा रंग, त्यातले पहिले दोन मत्स्य आणि कूर्म, म्हणजे आमचे मासे आणि कासव शतकांपूर्वीच पत्त्यांवर येऊन बसलेत. पण गोल कापायला वेगळी डाय लागते आणि मधला कागद वाया जातो. हातानं चार-पाच संच करणार असाल तर जरूर गोल करा.

१६. वर्गात चाळीस मुलं आहेत. कसं जमवायचं?

आठ-आठ जणांचे पाच गट, एक गट म्हणजे एक किनारा, पत्ते मोठ्या आकारात फळ्यावर. गटानं आपसांत ठरवून पत्ता टाकायचा. वेळ दुप्पट धरा, कारण बंदीच्या वाटाघाटी संपता संपत नाहीत.

१७. जीव ‘गेला’ की लहान मुलं रडतात. काय करावं?

सात वर्षांखालच्यांना आम्ही ‘उपचार’ नियम देतो: गेलेला जीव डहाणूच्या कासव उपचार केंद्रासारख्या एका कोपऱ्यात जातो आणि पुढची ओहोटी निघाली की परततो. मोठ्यांना ही सवलत नाही. पण रडणाऱ्याला गप्प करू नका, डाव थोडा थांबवा.

१८. डबी सजवायला खरे शंख, प्रवाळाचे तुकडे चिकटवले तर?

नको. प्रवाळं आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, काही जातींचे शंखही. किनाऱ्यावर पडलेलं सापडलं तरी उचलून विकण्याच्या वस्तूवर लावू नका. चित्रांबद्दलही तेच: इंटरनेटवरचे फोटो उचलू नका, स्वतः काढा.

१९. भरती निघाली पण समुद्रात पत्तेच नाहीत, तर?

कुणालाही काही मिळत नाही. भरती वाया जाते, गठ्ठ्यात परत पिसायची. तीन वर्षांत असं एकदाच झालं, आणि तेव्हा खेळणारे सगळे एकमेकांशी अबोला धरून स्वतःच्याच किनाऱ्यावर कचरा टाकत होते. समुद्रात पत्ते सगळ्यांना पुरेसे नसतील, तर ज्यानं भरती उचलली त्याच्यापासून वाटायला सुरुवात करायची.

२०. पत्ता हरवला तर?

जिवाचा किंवा उपायाचा पत्ता हरवला तर कोऱ्या पत्त्यावर पेन्सिलीनं त्याचं नाव लिहा. कचऱ्याचा हरवला तर काही लिहू नका, त्याच्याविना खेळा. तो सोफ्याखाली किंवा गादीखाली असतोच. ज्या दिवशी सापडेल, त्या दिवशीच्या पहिल्या भरतीत तो आत येतो, आणि तो कुणाच्या किनाऱ्यावर ठेवायचा हे ज्यानं झाडू मारला तो ठरवतो.